घरी ठेवलेलं पिवळं कार्ड

'गट जुळला, जीव वाचला.' रक्तदानाच्या आमच्या पत्रकावरची ही ठळक ओळ माझी. औरंगपुऱ्यात दुकानादुकानांत शिरून मी ती वाटली. ती खोटी आहे.

हर्सूलची एक मुलगी, तेरा वर्षांची. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त. लाल पेशींवर गटाखेरीज आणखीही खुणा असतात. इतक्या लोकांचं रक्त अंगात गेल्यावर तिच्या शरीरानं त्यातल्या एका खुणेविरुद्ध अँटीबॉडी तयार केली. एका रक्तपेढीनं ती शोधली आणि पिवळं कार्ड दिलं: ही खूण नसलेलंच रक्त द्या.

पण कार्ड बघितलं की दुसऱ्या रक्तपेढ्यांच्या खिडकीतून एकच उत्तर. "असलं रक्त आपल्याकडं नाय. पुण्याला न्या." तिची अम्मी दोन ठिकाणांहून रिकामी परतली. पोरगी जिन्यात मध्येच बसायला लागली होती.

"कार्ड घरीच ठेवा," मी म्हणाले. "यांना अडवायला कागदच लागतो."

"चालतंय का बेटा?"

"न चालायला काय झालं? रक्त जुळवून बघतातच की."

जुळलं. चाचणीत काहीच दिसलं नाही. पिशवी चढत असताना पोरगी मला चिडवत होती, "दीदी, पत्रकात एवढं ओरडता, घसा नाय दुखत?"

आठव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. चढवलेलं रक्त आतल्या आत फुटत होतं. रक्तपेढीच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "आधी कधी अँटीबॉडी सापडली होती?"

"कार्ड होतं. घरी राहिलं," अम्मी म्हणाली. माझ्याकडं बघितलंही नाही.

बाई खुर्चीत बसल्या. "काही महिन्यांत ती इतकी उतरते, की चाचणीत सापडत नाही. शरीर विसरत नाही हो. परत तसंच रक्त आलं की तुटून पडतं. कार्ड असतं तर मी हे दिलंच नसतं."

मी बिडकीनच्या कारखान्यातून तिच्या गटाची माणसं आणली, ड्यूटी सोडून आली बिचारी. पण त्यांच्यातल्या कुणाच्या रक्तात ती खूण नाही, हे तपासायची सोय इथं नव्हती. नमुने पुण्याला गेले. उत्तर यायच्या आदल्या दिवशी पोरगी गेली.

पहिली पिशवी चढवायच्या आधीच तिच्या पेशींवरच्या खुणा तपासून ठेवायला हव्या होत्या. कुणी तपासल्या नाहीत. खिडकीवाल्यांनी हात झटकले. यावर मी कितीही पत्रकं लिहीन. पण कार्ड घरी ठेवा, हे त्यांच्यातलं कुणी म्हणालं नव्हतं.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. अम्मीनं जेवायला वाढलं, मग डब्यातून ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"तू ठेव बेटा. दुसऱ्या कुणाच्या लेकराला कामाला येईल."

ते दुसऱ्या कुणाच्याच कामाचं नाही, हे मला सांगता आलं नाही.