मिनेसोटातल्या एका घरातलं खोडलेलं नाव

१९९४च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटहून मिनेसोटाला गेलो, ते स्वीडनमध्ये फुटबॉल रुजवणाऱ्या एका माणसाचे कागद बघायला. त्यामागे निव्वळ जळफळाट होता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या मराठी मंडळाचं फुटबॉल दर रविवारी चालायचं. मैदान बुक करणं, शनिवारी घरोघरी फोन करणं, चुन्याच्या रेषा मारणं, सगळं कार्यवाह म्हणून मी करायचो. आता स्मरणिकेत 'फुटबॉलचे संस्थापक' म्हणून एकच फोटो छापायचा होता आणि कमिटीचा कल सुनील कांबळेकडे होता. का, तर पहिला बॉल त्याने आणला. लेख मात्र मी लिहिणार होतो आणि फोटो लेखाप्रमाणे ठरणार होता. माझा कच्चा खर्डा तयार होता. त्यात सुनीलचं नाव कुठेच नव्हतं.

ऑफिसातल्या एरिकचे पणजोबा स्वीडनमधले जुने संघटक होते. क्लब काढले, नियम छापले, पंच तयार केले. त्यांचे कागद मिनेसोटात राहणाऱ्या एरिकच्या आत्याकडे होते. लेखाच्या सुरुवातीला मला असाच माणूस हवा होता, बॉलला लाथ मारणारा नव्हे, घडी बसवणारा. सुनीलला माझ्या जाण्याची कुणकुण लागली. "मी पण येतो यार, ड्राइव्ह मी करतो," म्हणाला. नागपूरचा माणूस, त्याला नाही म्हणणं कुणाला जमत नाही.

मिनियापोलिसला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि पस्तीस नंबरच्या हायवेने उत्तरेला निघालो. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना तळी. जाणार असाल तर डासांचं मलम न्या आणि नकाशा पेट्रोल पंपावरच घ्या. रेस्ट एरियात सुनीलच्या बायकोने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याशी त्याने पाच मिनिटांत दोस्ती केली आणि दशमीही खिलवली. मी नकाशा बघत बसलो.

मोटेल स्वस्त होतं, पण पलंग कुरकुरत होते. सकाळी आत्याबाईंकडे पोचलो. कॉफी आणि वेलदोड्याचे पाव आले. पावांचा वास थेट करंजीच्या सारणाचा. मग त्यांनी आपल्या आजोबांची, म्हणजे एरिकच्या पणजोबांची, फाइल उघडली. पदकं, परिषदांचे फोटो, म्हातारपणापर्यंत सांभाळलेली पदं. प्रत्येक कागद पातळ कापडात गुंडाळलेला. मेलेल्या माणसाचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता. माझी फाइल कोण असं गुंडाळून ठेवणार?

सुनीलने विचारलं, "आँटी, फर्स्ट बॉल कोणी आणला होता?"

आत्याबाईंनी फाइलच्या तळाशी हात घातला. मग पहिल्या सभेचं इतिवृत्त काढलं. आजोबांचंच अक्षर. वरून दुसऱ्या ओळीत एक नाव शाईने गच्च खोडलेलं होतं आणि त्यावर आजोबांचं नाव लिहिलेलं होतं.

"बॉल आणणारा गोदीत कारकून होता," त्या म्हणाल्या. "आजोबांना शेवटी ते दुरुस्त करायचं होतं. पण तोवर त्यांनाच ते नाव आठवेना. रडायचे. आता कुणालाच माहीत नाही."

सुनीलने विचारून कागद खिडकीपाशी नेला, उजेडात तिरपा धरला. "वाचता येतंय का बघू," म्हणाला. काही दिसलं नाही. खर्डा माझ्या खिशात होता.

परतीच्या वाटेवर मी नुसता खिडकीबाहेरची तळी मोजत होतो. "बरा आहेस ना, दिलीप?" सुनीलने दोनदा विचारलं.

घरी आल्यावर खर्डा फाडला आणि नव्याने टाइप करायला बसलो. 'पहिला बॉल सुनील कांबळे यांनी आणला.' हे लिहिताना आनंद झाला असं म्हणणार नाही. पुढे पहिल्या रविवारी आलेल्या आठ जणांची नावं टाकायची होती. मला पाचच आठवली. सहा वर्षं मीच सगळ्यांना फोन केले होते, तरी पाचच. झक मारत सुनीलला फोन लावला.

त्याने उरलेली तीन नावं एका दमात सांगितली. त्यातला कोण गाव सोडून मॉरिसव्हिलला गेला, कोणाची आई वारली, कोणाला मुलगी झाली, तेही सांगितलं. मी लिहून घेतलं. फोटोचा मान तर केव्हाच त्याच्याकडे गेला होता. पण त्याचा खरा हेवा मला त्या फोनवर वाटला.