एका पदाचे दोन नंबर

मोबाइलवर देवरावकाकांचं नाव उमटलं, मी नेहमीसारखा फोन कानाला लावला आणि पलीकडून कुणीतरी बोललं. गेल्या चौदा महिन्यांत त्या नंबरवरून आवाज असा कधी आलाच नव्हता. ऑपरेशनमध्ये काकांची स्वरपेटी काढून टाकली होती. ते फोन लावायचे आणि बोटाने दोनदा टकटक करायचे, म्हणजे ‘बरा आहे’. त्या दुपारी टकटक झाली नाही. सुमनकाकू बोलत होत्या. “ये वं पोरी… तुहे काका गेले.”

काका कोष्ट्यांच्या घरातले. त्यांचे वडील मागावर बसायचे आणि विणता विणता पदं रचायचे. काकांनी माग धरला नाही. ते कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. धान्याच्या पोत्यांवर लॉट नंबर टाकण्यात त्यांची हयात गेली. संध्याकाळी मात्र नंदनवनातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या घरून वडिलांची पदं ऐकू यायची. असा भरीव, मोकळा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. मित्रांनी आग्रह करून त्यातल्या सात पदांची एक सीडी काढली होती. पुढे मी स्थानिक गायकांची गाणी मोबाइलच्या ॲपवर चढवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा सगळ्यात आधी ती सात पदं चढवली. माझं काम ऐकणाऱ्याला दिसत नाही. पूर्ण अल्बमला एक बारकोड लागतो आणि आतल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा बारा अक्षरांचा कोड. यंत्र गाण्याला ओळखतं ते त्या कोडवरून. नावावरून नाही, कारण एका नावाची शंभर गाणी असतात.

मग काकांचा आवाज बसायला लागला. महिनाभर काढे झाले, आणि शेवटी मी आणि काकू त्यांना धंतोलीत डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, स्वरपेटी काढावी लागेल, पूर्ण. जिना उतरताना काकांनी कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. खाली आल्यावर म्हणाले, “आठ दिवस हायेत ना मधात? मंग सातही पदं अजून एक डाव म्हणतो. तू मशीन घेऊन ये.”

दोन दुपारी त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही ते रेकॉर्ड केलं. आवाज फाटका झाला होता, दम पुरत नव्हता. हेडफोन लावून मी समोर बसले होते आणि प्रत्येक वरच्या सुराला मला वाटायचं, आता यांच्या तोंडातून रक्त येईल. ते थांबले नाहीत. शेवटचं पद झाल्यावर एवढंच बोलले, “ऑपरेशनच्या आधी ॲपवर लावून दे वं. शुद्धीवर आलो का आयकीन.”

त्याच संध्याकाळी मी फॉर्म भरला. तीच पदं, तोच गायक… जुने सात कोड समोरच होते, तेच टाकले. कोड गाण्याचा नसतो, त्या एका ध्वनिमुद्रणाचा असतो. तेच गाणं पुन्हा गायलं तर नवा कोड घ्यायचा, हे मी स्वतः दहा जणांना शिकवलं आहे. त्या दिवशी माझ्या डोक्यात भीतीशिवाय काही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी काका आत होते आणि मी काकूंजवळ बाकावर बसले होते तेव्हा मेल आली. एकाच कोडवर दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आढळल्यामुळे तपास होईपर्यंत दोन्ही काढण्यात आली आहेत. मी ॲप उघडलं, काकांचं नाव टाकलं. काहीच आलं नाही. जुनी सीडी घासून गेली होती, अडकायची. ज्या स्टुडिओत ती निघाली तो केव्हाच बंद झाला होता. माझ्याकडच्या फाइली जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेल्या होत्या, म्हणजे तो मूळ आवाज फक्त ॲपवरच उरला होता. आत डॉक्टर त्यांच्या गळ्यातून आवाज काढत होते आणि बाहेर मी तो जगातून काढून टाकला होता.

“काय झालं वं? अशी काहून थरथरून राहिली?” काकूंनी विचारलं.

“एसी जास्त आहे,” मी म्हणाले.

सहा दिवस मी खोटं बोलले. काका रोज वहीवर लिहायचे, ‘लागलं काय?’ मी रोज म्हणायचे, “होऊन राहिलं, काका.” सातव्या दिवशी मात्र त्यांनी काही लिहायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं, फरशीकडे बघत. खोलीत त्यांच्या गळ्याच्या छिद्रातून येणाऱ्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मग पेन चालायला लागलं. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. ‘एकाच वावरातली तूर दोन खेपात आली त लॉट नंबर दोन देतात. तुले येवढं नाही समजलं?’ त्यांनी वही ओढून घेतली आणि खाली अजून एक ओळ लिहिली. ‘मी तरी आता तोच आहो काय?’

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘भेऊ नको.’ अक्षरं वाकडी आली होती.

खाटेवर बसूनच त्यांनी माझ्याकडून नवा फॉर्म भरून घेतला. नवे सात कोड, अल्बमला नवा बारकोड. एकेका अक्षराखाली पेनचं टोक ठेवून त्यांनी ते तपासले. मग वाट पाहणं सुरू झालं. त्या दिवसांत मी ॲप इतक्या वेळा उघडलं की नुसत्या त्या चिन्हाचीसुद्धा मला धास्ती बसली. अकराव्या दिवशी जुनी पदं परत आली. नंतर दोन दिवसांनी नवीही लागली. काकांनी आधी जुनी ऐकली, मग नवी. ऐकताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून बसले. काय वाटलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे रोग फुप्फुसात उतरला, आणि आता विचारायला ते नाहीत.

तेरवी झाल्यावर एका सकाळी मी गेले तेव्हा काकू मागच्या खोलीत मेथी निवडत होत्या. बाजूला मोबाइलवर पदं चालू होती, ती फाटक्या आवाजातली. ऐकवेना. मी म्हणाले, “काकू, जुनी लावून देऊ? चांगला आवाज आहे त्यात.”

“ते लोकायसाठी हाये,” काकू म्हणाल्या. “हे घरचं.”

तिसऱ्या पदात, अंतऱ्याच्या आधी काकांचा घसा कोरडा पडला होता. ते थांबले होते, खाकरले होते आणि म्हणाले होते, “पाणी दे वं.” घाईत मी तेवढं कापायचं विसरले होते. त्या सकाळी मोबाइलमधून ते शब्द आले. काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, “आणते,” म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.