मिठाचा कोपरा

गुणाजीकाका भिंत फोडायला गेला की आधी घरच्या बाईला विचारायचा, "मीठ कुठं ठेवता गो?" बाया हसायच्या. गवंड्याला मिठाचं काय? पण आमच्या खाडीकडच्या गावांत घरटी एक माणूस मिठागरावर. वर्षाचं मीठ घरातच, भिंतीला लावून रास. त्या भिंतीच्या विटा आतून भुसभुशीत होतात. काढलेल्या भिंतीच्या जागी वर जो लोखंडी गर्डर घालतात, त्याचं टोक तिथं टेकलं तर भिंत भार घेत नाही. काका कोपरा खरवडून बघायचा, खराब विटा काढून काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि मगच गर्डर चढवायचा. तोवर वरचा सगळा भार लोखंडी जॅकवर. लोक घाई करायचे, काका ढिम्म. पेणपासून नागोठण्यापर्यंत त्याच्या कामाला नाव ठेवणारा माणूस नव्हता.

माझ्या साखरपुड्यासाठी गडबच्या आमच्या घरातली, दोन खोल्यांमधली भिंत काढायची ठरली. माझे बाबा, केरू, म्हणजे काकाचा थोरला भाऊ. आणि सख्ख्या भावाच्या घरात काकाने तो एक प्रश्न विचारला नाही. आमची रास कायम मागच्या पडवीत, असं तो धरून चालला. त्या वर्षी पडवी गळत होती म्हणून रास आत, नेमकी गर्डर टेकणार होता त्या कोपऱ्यात आणली होती. काका यायच्या आदल्या दिवशी मीच ती हलवली, खपल्या झाडल्या आणि वर चुन्याचा हात मारला. रोह्याची, होणाऱ्या सासरची माणसं येणार, भिंत चांगली दिसायला हवी, एवढंच डोक्यात. वीस वर्षांची होते, अक्कल गहाण टाकलेली.

कोपरा वरून धड दिसला, काकाने तो खरवडला नाही. गर्डर चढला. आठ दिवस जॅक ठेवले. कोपऱ्याला पुन्हा खपल्या आल्या, म्हणून साखरपुड्याच्या सकाळी मी पुन्हा चुना लावला. मग काकाने जॅक काढले. दुपारी, माणसं यायच्या आधी, आई खाली सतरंजी घालत होती. गर्डरचं कोपऱ्यातलं टोक खाली आलं आणि त्यामागून माळ्यावरची भाताची पोती. आई जागेवरच गेली.

मी रडले नाही. आत काहीतरी बंद पडलं ते पडलंच. गाव म्हणालं, गुणाजीने भावजय मारली. मी ऐकलं आणि गप्प राहिले. बाबांनी त्याला उंबरा बंद केला. पुढे बाबा गेले तेव्हा लोकांनी त्याला खांदा देऊ दिला नाही, तेव्हाही मी गप्पच. त्याला भिंतीला कुणी हात लावू देईना. रोह्यात तो दुसऱ्या गवंड्यांच्या हाताखाली घमेली उचलायला लागला. साखरपुडा वर्षभराने झाला, लग्नही झालं, मी रोह्यातच आले. बाजारात काका दिसला की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचे. असली शूर मी.

अठरा वर्षांनी आमच्या स्वयंपाकघराची भिंत काढायची निघाली. नवरा कंपनीतल्या ओळखीने कंत्राटदार आणणार होता. मी म्हटलं, काकाच करेल. मला त्याला एकदा खरं सांगायचं होतं आणि तोंड उघडायला दुसरं निमित्त सापडत नव्हतं.

तो आला. आल्या आल्या मिठाचं विचारलं. मी ओट्यावरची बरणी दाखवली. तो हसला नाही, चारही कोपरे खरवडून पाहिले. रोज तो चहा घ्यायचा, रोज मी ठरवायचे आणि रोज राहून जायचं.

पंधरा दिवसांनी जॅक काढायची वेळ आली. काकाने फिरवायचा दांडा जॅकला लावला आणि नुसताच उभा राहिला. हात वळेना. मी दांडा त्याच्याकडून घेतला आणि पहिला जॅक हळूहळू ढिला केला. गर्डर हलला नाही.

"काका, गडबचा तो कोपरा मी रंगवला होता. दोनदा. मीठ तिथंच होतं."

"ठाव हाय," तो म्हणाला. "तुझ्या आईला उचलली तवा तुझ्या नखांत चुना व्हता."

"मग कुणाला बोलला का नाहीस?"

"तुझं लगीन व्हायचं व्हतं गो."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दांडा हातात तसाच होता आणि अजून तीन जॅक काढायचे राहिले होते.