तिसऱ्या नंबरचं बारसं

जयंत कारखानीसच्या घशाखाली दुसऱ्याचा पेढा उतरत नसे. तोंडात घालायचा, "वा, मस्त" म्हणायचं आणि पाण्याच्या मोठ्या घोटाबरोबर आत ढकलायचा. दूध सोसत नाही असं म्हणावं, तर घरी वाडगाभर बासुंदी तो उभ्या उभ्या संपवी. त्याला सोसत नसे ते दुसऱ्याचं सुख.

बरं, माणूस दुष्ट म्हणावा तर तसाही नाही. कुणाचा बॉयलर बिघडला, कुणाला पहाटे विमानतळावर सोडायचं असलं, की लंडनच्या हाउन्सलोतली मराठी मंडळी आधी जयंतचाच नंबर फिरवत. दुसऱ्याच्या अडचणीला तो धावून जाई. पंचाईत व्हायची ती दुसऱ्याला काही चांगलं मिळालं की. आणि सगळ्यात जास्त चांगलं मिळायचं ते त्याच्या जिवलग मित्राला, गर्शोन रोहेकरला.

गर्शोन भायखळ्याचा बेने इस्रायली, जयंत पुण्याचा. दोघे एकाच आठवड्यात हीथ्रोच्या कार्गो शेडमध्ये चिकटले, एकाच थर्मासमधला चहा प्याले. पुढे गर्शोन सुपरवायझर झाला, जयंत राहिला तिथेच. गर्शोनच्या घराला मागे बाग, जयंतच्या घरामागे गॅरेजची भिंत. गर्शोनला सोफी झाली. जयंत आणि त्याची बायको अलका यांना मूल झालं नाही. बाकी सगळं जयंतने कसंबसं गिळलं असतं, पण हे शेवटचं घशात अडकलं ते अडकलंच.

ब्याऐंशी साली चॅनेल फोरवर रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले आणि ह्या मंडळींना वेड लागलं. शेजारचे गोरे आज्या-पणज्यांपासून ब्रेंटफर्ड क्लबचे. त्यांच्या गप्पांत शिरायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या मॅचेस पाठ हव्यात. हा नवा खेळ मात्र त्यांनाही कळत नव्हता आणि ह्यांनाही. सगळे एकाच दिवशी पहिलीत बसलेले. मग प्रत्येकाने एकेक संघ धरला. अमेरिकन नावं लांबलचक, म्हणून हेल्मेटच्या रंगावरून हाका मारायच्या: गर्शोनचे नारिंगी, विष्णू पेंढारकरचे हिरवे, जयंतचे करडे.

दर एप्रिलमध्ये तिकडे ड्राफ्ट व्हायचा. कॉलेजातली उत्तम पोरं क्लबांनी आळीपाळीने निवडायची आणि गेल्या मोसमात जो क्लब सगळ्यात वाईट हरला, त्याने सगळ्यात आधी. "म्हणजे नापासाला पहिला बाक!" विष्णू म्हणाला होता. जयंतला मात्र हे ऐकून भरून आलं होतं. जगात कुठेतरी मागे राहिलेल्याला आधी वाढतात, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

एका वर्षी विष्णूच्या हिरव्यांना पहिला नंबर मिळाला. तो पेढे घेऊन नाचत आला, तेव्हा गर्शोनची बायको एलिझाबेथ म्हणाली, "मुलगा झाल्यासारखा काय नाचतोयस? बारसं कर मग!" आणि खरंच केलं. कपड्यांच्या बास्केटला साडी बांधून पाळणा, त्यात तो अंड्यासारखा चामडी चेंडू, झबलं घालून. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत चेंडू पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. घुगऱ्या वाटल्या. त्या अमेरिकन पोराचं आडनाव कुणाच्या जिभेवर वळेना, म्हणून त्याला 'घटोत्कच' असं मराठी नाव ठेवलं. तेव्हापासून रीतच पडली. पहिल्या पाचांत जो निवडला जाईल त्याचंच बारसं, पुढच्यांचं नाही. ज्याचा संघ तो बाप. आणि ज्याला पोर मिळालं नाही त्याने आत्या व्हायचं, चेंडूच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं आणि पाठीत धपाटे खायचे.

जयंत कायमचा आत्या झाला. त्याचे करडे धड जिंकत नसत, धड हरतही नसत. करंडक नाही आणि पहिल्या पाचांतला नंबरही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, जयंतच्या हाती धुपाटणं. विष्णूची दोन बारशी झाली, गर्शोनचं झालं, कॉव्हेंट्रीहून येणाऱ्या नंदूचंसुद्धा झालं. दर वेळी जयंत चेंडूवर वाकायचा, धपाटे खायचा, पेढा ढकलायचा आणि परतीच्या वाटेवर अलकाशी एक शब्द बोलायचा नाही.

त्याच्या मनात काय होतं ते अलकाला ठाऊक होतं आणि नव्हतंही. मंडळींत कुणाकडे खरंखुरं बारसं असलं की तिला आमंत्रण असे, पण पाळण्याची दोरी तिच्या हाती कुणी देत नसे. कुणी बोलून दाखवायचं नाही. "अलका, तू जरा चहाचं बघतेस?" एवढंच. ह्या फुटबॉलच्या बारशात मात्र दोरी तिच्याकडे. गळा तिचाच गोड होता, आणि चेंडूला कुठली आलीय दृष्ट? ती पाळणा म्हणू लागली की जयंत तिच्याकडे बघत राही. हे एकदा आपल्या घरी व्हावं, आपल्या छपराखाली तिच्या हाती दोरी असावी, एवढंच त्याला हवं होतं. हे मागणं किती वेडगळ आहे ते त्यालाही कळत होतं. कळून उपयोग काय?

अलकाला हवं होतं ते वेगळं. तिने कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बाईकडे दत्तक मुलासाठी चौकशी केली होती. आशियाई मुलांसाठी आशियाई घरं हवीच आहेत, पण चाळिशी उलटली की लहान मूल मिळणं अवघड, असं बाई म्हणाली होती. अलका तेव्हा सदतिसाची. तिने विषय काढला की जयंतचं उत्तर ठरलेलं.

"दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच, अलका. उद्या मोठं होईल आणि विचारेल, तुम्ही माझे कोण? काय सांगशील?"

"सांगेन काय ते. आधी विचारायला तरी येऊ दे त्याला."

तो पेपर तोंडासमोर धरी. ह्या थोर तत्त्वज्ञानाच्या मागे निव्वळ मत्सर होता. ज्यांना नको असताना मूल होतं आणि जे ते सोडून जातात, त्या कधी न पाहिलेल्या आईबापांचा त्याला इतका हेवा वाटे, की त्यांचं मूल दारात आलं तरी त्याला आधी ते आईबापच दिसले असते.

नव्वद साली गर्शोनच्या नारिंग्यांना अगदी पहिला नंबर मिळाला. त्या मोसमात जयंत देव पाण्यात घालून बसला होता, आपलाच संघ हरावा म्हणून! नारिंगी तळाला होतेच, पण शेवटच्या मॅचपर्यंत करडेही पहिल्या पाचांत होते. आणि शेवटच्या मॅचला करड्यांनी काय करावं? जिंकले आणि सहाव्या नंबरावर गेले. पंधरा वर्षांत विसरलेली पुण्याची सगळी शिवीगाळ जयंतला त्या संध्याकाळी आठवली. बारशाला गर्शोनने त्याला मिठी मारली. "जयंता, अरे मॅच जिंकलास तू! तोंड का पाडून बसलायस?"

"तुझं काय जातंय बोलायला," जयंत म्हणाला. "तुझं हरणंसुद्धा माझ्यापेक्षा भारी."

सगळे हसले. तो विनोद करत नव्हता हे फक्त गर्शोनच्या लक्षात आलं, आणि त्याने विषय बदलला.

शेवटी ब्याण्णव साल उजाडलं. करडे असे काही हरले की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. करड्यांचा एकेक पराभव झाला की जयंत शीळ घालत जिना चढायचा. तिसरा नंबर पक्का झाला. जयंतने ईलिंग रोडला जाऊन पेढे सांगितले, हॉलला नवा रंग दिला आणि एक दिवस जुन्या फर्निचरच्या दुकानातून खराखुरा लाकडी पाळणा खांद्यावर घेऊन घरी आला.

"बास्केट होतं की," अलका म्हणाली.

"बास्केट लोकांकडे. आपल्याकडे पाळणा."

अलका त्या पाळण्याकडे नुसती बघत राहिली. मग ओलं फडकं आणून तिने त्याचा एकेक गज पुसला. पुसून झाल्यावर स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जयंतला वाटलं, घुगऱ्यांचे हरभरे निवडत असेल.

ड्राफ्टच्या रविवारी संध्याकाळी सगळे जमले. एलिझाबेथचा भाऊ गिडियन न्यू जर्सीला असे. तो टीव्हीवर बघून फोन करायचा, हा दर वर्षीचा शिरस्ता. सहाच्या सुमारास फोन वाजला. जयंतने हॉल ओलांडून झडपच घातली.

"तिसरा गेला!" गिडियन तिकडून ओरडला. "दीडशे किलोचा आहे, जयंतभाई, पण हरणासारखा पळतो! मुबारक!"

मग काय विचारता! विष्णूने टाळ्या पिटल्या, नंदूने शिट्टी मारली. चेंडूला झबलं चढलं. अलकाने दोरी हातात घेतली आणि पाळणा सुरू केला. ह्या खेपेला आत्या गर्शोन. आपलं पोट सावरत तो वाकला आणि हळूच म्हणाला, "बोल बापा, नाव काय? हिडिंब की बकासुर?"

"मिहिर," जयंत म्हणाला.

कुणी हसलं नाही. आजवर एकानेही साधं, माणसाचं नाव ठेवलं नव्हतं. अलकाचा हात दोरीवर थबकला, मग पुन्हा हलू लागला. गर्शोनने क्षणभर मित्राच्या तोंडाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते गंभीरपणे चेंडूच्या कानात सांगितलं, "कुर्रर्र... मिहिर." बायकांनी त्याची पाठ बडवली, तेव्हा कुठे खोलीत पुन्हा हसू फुटलं. जयंतने पेढा तोंडात टाकला. पाणी लागलं नाही.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. दाराजवळ गर्शोनची सोफी उभी होती, तिने उचलला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"डॅड, गिडियन अंकल सॉरी म्हणतायत. ते किचनमध्ये होते आणि त्यांनी मिस केलं. देअर वॉज अ ट्रेड. ग्रे टीमने त्यांचा पिक दिला, जस्ट बिफोर. नेक्स्ट इयरचे दोन घेतले." ती अडखळली. "तो पिक आपल्याला दिला. ऑरेंजला."

म्हणजे करड्यांनी आपला तिसरा नंबर ऐन वेळी विकला होता, आणि तोही नारिंग्यांना. पाळण्यातलं पोर गर्शोनचं होतं.

सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे वळले. मग विष्णू, ज्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, तो मांडीवर थाप मारून हसला. "अरे, ही तर इस्पितळात अदलाबदल झाली! ऊठ गर्शोन, घे तुझं कार्टं, आणि पेढ्यांचे पैसे टाक!" असं म्हणत त्याने पाळण्यात हात घातला.

"राहू दे रे विष्णू," गर्शोन घाईने म्हणाला.

पण जयंत पाळणा आणि विष्णू यांच्यामध्ये येऊन उभा होता. कान लाल झालेले. आयुष्यभर गर्शोनला जे जे मिळालं, ते सगळं एका रांगेत त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्या रांगेत आता हेही.

"हात लावायचा नाही!" तो ओरडला. "माझा आहे तो!"

"अरे, खेळणार तो नारिंग्यांकडून—"

"कुणाकडूनही खेळू दे! कुठेही जन्मू दे! नाव मी ठेवलंय त्याचं. ह्या घरात, ह्या पाळण्यात, माझ्या बायकोने जोजवलंय त्याला. एकदा इथे आला ना, मग तो माझा. कागदावर कुणाचं का नाव असेना. कुणाची टाप आहे त्याला दुसऱ्याचा म्हणायची?"

विष्णूने हात मागे घेतला. नंदू घुगऱ्यांच्या वाटीत बघू लागला. आणि मग अलकाचा आवाज आला, अगदी हळू, लोकांत ती जयंतशी कधीच बोलत नसे तसा.

"मग इतकी वर्षं मला काय सांगत होतात?"

जयंतने वळून पाहिलं. ती रडत नव्हती. दोरी तिच्या मुठीत होती आणि ती उत्तराची वाट बघत होती. एलिझाबेथने सोफीचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. बाकीचेही एकेक करून मागोमाग गेले. गर्शोन तेवढा दारात घुटमळला, जयंतच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही ते त्याला ठरवता येईना, आणि मग तोही आत गेला.

जयंत पाळण्यापाशी खाली बसला. झबल्यातून चेंडूची शिवण दिसत होती. आपण आत्ता काय बोलून गेलो ते एकेक शब्द करून त्याच्यापाशी परत येत होतं, आणि त्यातला एकही शब्द त्याला खोटा म्हणता येईना. कुणाचा हेवा करायलाही त्या क्षणी त्याच्यात काही उरलं नव्हतं. नुसती लाज होती.

"अलका," तो म्हणाला, "उद्या सकाळी त्या कौन्सिलच्या बाईला फोन कर."

अलकाने दोरी त्याच्या हातात दिली.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "दर वेळी मीच केलाय."