तपासणी डोळ्यांची, प्रश्न भलताच!

डोळ्यांच्या डॉक्टरकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. पण मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात ते साठतच जातात. नवरा होता तेव्हा जेवताना नावं गाळून त्याला सांगायचे, की डोकं रिकामं! तो गेल्यापासून साठा वाढत चाललाय.

त्यात सिफिलिसचे वेगळेच. हा गुप्तरोग डोळ्यांतही उतरतो. डोळा लाल होतो, धूसर दिसतं, नुसत्या थेंबांनी हटत नाही. रक्त तपासलं तर सापडतो आणि वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बहुतेकांची नजर वाचते. अवघड असतं ते विचारणं!

*

वर्सोव्याचा एक तरुण. डोळा लालबुंद. बाहेर कुठे संबंध आले होते का, असं मी जपून विचारलं.

"मॅडम, लफडं वरच्या मजल्यावर आहे. तुम्ही तळमजला का तपासताय?"

*

दुसऱ्या एकाची आई खोलीतून हलेना. "माझा मुलगा माझ्यापासून काही लपवत नाही!" मुलगा केविलवाणा.

आमची असिस्टंट फिलोमिना गोराईची. तिने तपासायच्या मशीनवर हात ठेवला. "काकू, हे सोनं खेचतं हां. मंगळसूत्र काढून ठेवता, की बाहेर थांबता?"

काकू बाहेर! मशीन म्हणजे एक दिवा आणि भिंग. दार लागताच पोरगा भडाभडा बोलायला लागला.

*

उपचार ऐकून मात्र तोच पोरगा नाराज. "पेनिसिलिन? आजोबांच्या काळातलं औषध! काही लेटेस्ट नाही?"

फिलोमिना म्हणाली, "तुझा आजार तरी कुठे लेटेस्ट आहे रे?"

*

आणि नाहूरचे एक रिटायर्ड गृहस्थ. दोन्ही डोळ्यांनी अंधुक, टेस्ट पॉझिटिव्ह. म्हटलं, अ‍ॅडमिट व्हा, शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागतील, नाहीतर नजर जाईल. आणि मिसेसचंही रक्त तपासायला हवं.

"आंधळा झालो तरी चालेल. हिला कळता कामा नये." उठून गेलेसुद्धा.

दोन दिवसांनी त्यांच्या मिसेस एकट्याच आल्या. "हे म्हणतात, डॉक्टरांनी दोघांचीही शुगर तपासायला सांगितलीय. काय हो, शुगरची लागण होते?"

मी उगाच भिंग पुसायला लागले.

"राहू दे, सांगू नका. माझं रक्त घ्या. आणि त्यांना म्हणा, हिला शुगरचंच वाटतंय. म्हणजे निमूट अ‍ॅडमिट होतील."

फिलोमिनाला राहवलं नाही. "काकू, राग नाही आला?"

"आलाय ना! पण आधी त्यांना नीट दिसू दे. मी चिडलेली त्यांना दिसायला नको?"