कोरडी गाठ

ज्या शहरात नळाला पाणी आलं की शेजाऱ्यांना फोन करून सांगतात, त्या शहरात राहून माझ्या मित्राला बर्फाच्या नदीतल्या माशाचा नाद होता. ट्राउट हा मासा संभाजीनगरच्या आसपास कुठंच नाही. गोदावरीत नाही, कन्नडच्या शिवनेत नाही, आणि खाम नदीत मासा शोधायचा म्हणजे आधी नदी शोधावी लागेल. मित्र कन्नडकडच्या खेड्यातला, पण त्याची सगळी नोकरी हिमाचलात रस्ते बांधण्यात गेली. तिथं नदीची राखण करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला हे शिकवलं. निवृत्त होऊन तो परतला तेव्हा वहिनींना सफरचंदांच्या पेट्यांची अपेक्षा होती. त्यानं आणला एक लांब रॉड, एक पत्र्याची डबी आणि साखरेचा आजार.

कॉलेजात असताना आम्ही वसतिगृहाच्या एका खोलीत होतो. त्याच्या घरी वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. माझ्या घरी आंघोळ केल्याशिवाय मलासुद्धा स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. ‘आम्ही एका ताटात जेवलो’ हे वाक्य मी पुढं प्राध्यापक झाल्यावर चौदा एप्रिलच्या पुष्कळ भाषणांत वापरलं. शाल, श्रीफळ आणि ते वाक्य, असा तो कार्यक्रम असे. टाळ्या हमखास पडत. खरं तर ताटं दोन होती, शेजारीशेजारी ठेवलेली. पण भाषणात इतकं चालतं.

त्याच्या मासेमारीत गांडूळ नव्हतं की कणकेची गोळी नव्हती. बारीक गळावर रेशमाचा दोरा आणि कोंबडीचं एखादं पीस गुंडाळून किड्यासारखं काहीतरी बनवायचं. ही बनावट माशी पाण्यावर तरंगत ठेवणारे लोक वेगळे. त्यांना तो ‘हौशी’ म्हणायचा. ह्याची माशी बुडायची. प्रवाहावर आडवी फेकायची, बुडू द्यायची, आणि पाणी नेईल तशी वळसा घेत खाली जाऊ द्यायची. दिसत काहीच नाही. मासा लागला तर फक्त हाताला कळतं.

“ह्याच्यात डोळ्याचं काम नाय,” तो म्हणायचा. “डोळा ठिवला की हात आंधळा व्हतो.”

मला ते उगाच तत्त्वज्ञानासारखं वाटायचं, आणि निवृत्त माणसाच्या तत्त्वज्ञानाची मला भीती आहे. माझ्याही.

सामान सगळं इथलं. रेशीम गुलमंडीच्या बाजारातून. नारिंगी रंगाचं एकच रीळ त्यानं इतक्यांदा उजेडात नेऊन पाहिलं की दुकानदारानं विचारलं, “लग्न कुणाचं आहे, काका?” मित्र म्हणाला, “माशाचं.” पिसं जुन्या शहरातल्या एका कोंबडीवाल्या चाचांकडून. गावरान कोंबडीच्या मानेवरची तपकिरी, ठिपक्यांची पिसं ते वर्तमानपत्रात बांधून ठेवायचे. “लोगां मुर्गी ले जाते साब, पंख छोड़ जाते,” ते म्हणायचे. “तुम्हारा उल्टाच काम है.”

रविवारी सकाळी आम्ही गोदावरीच्या काठी जायचो. तो माशी फेकायचा, लहानसहान काहीतरी लागायचं, ते परत सोडायचा. मी पुस्तक घेऊन बसायचो. तिथंच त्यानं मला गाठ शिकवली. नायलॉनचं टोक गळाच्या कडीतून ओवायचं, पाच पीळ द्यायचे, टोक मागं आणून फटीतून काढायचं, आणि ओढायच्या आधी गाठ तोंडात धरून ओली करायची.

“थुंकी लावल्याबिगर वढायची नाय. कोरडं नायलॉन घासतंय, तापतंय. गाठ बसल्यावाणी दिसती, पण बसत नाय.”

“नदीचं पाणी लावलं तर?”

“लाव की. पण वाकून पाणी घेईस्तोवर पीळ सुटतो. तोंड कसं कायम जवळ आसतं. तुझं तर लईच जवळ.”

“आणि मासा गेला, तर दोरा तुटून गेला का गाठ सुटून, हे कसं कळायचं?”

“टोकाला हात लाव. तुटलं आसंल तर सरळ. सुटलं आसंल तर डुकराच्या शेपटावाणी वळलेलं.”

मी गाठी बांधल्या, पण थुंकी कधी लावली नाही. सरावाच्याच गाठी होत्या, त्यांना मासा लागायचा नव्हता. माशांच्या वासाचं ते नायलॉन तो बिनदिक्कत ओठांत धरायचा, आणि मी पुस्तकात बघायचो.

साखरेनं आधी डोळे घेतले. लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली, शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. फेक तशीच राहिली, किंबहुना सुधारली. पण केसाएवढं नायलॉन त्या इवल्या कडीत ओवणं त्याला जमेना. मग मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात डायलिसिस सुरू करावं लागेल, आठवड्यातून तीनदा, कायमचं. म्हणजे ह्यापुढं शहर सोडायचं नाही. दवाखान्यातून आम्ही रिक्षानं परत आलो. घराशी उतरल्यावर तो म्हणाला,

“एक ट्राउट धरायचाय. एकच. धरून सोडून देतो. येतो का संगं?”

“मी काय करू तिथं?”

“गाठी बांध. बाकीचं मी करतो.”

वहिनींनी औषधांची पिशवी माझ्याकडं दिली. “भाऊजी, मासा नाय मिळाला तर नाय. ह्यांना तेवढं माघारी आणा.”

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं हिमाचलची बस. मासे धरायचा परवाना दोन दिवसांचा काढला होता. पहिल्या दिवशी वर कुठंतरी पाऊस होऊन नदी चहाच्या रंगाची आली. काठावर दिल्लीकडचे काही हौशी होते. त्यांच्या जाकिटांना इतके खिसे, की मासा मिळाला असता तरी कुठल्या खिशात ठेवला हे त्यांना आठवलं नसतं. मित्राचा काळा चष्मा, आणि मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरून उभा असलेला मी, हे पाहून एकानं मला हळूच विचारलं, “इन्हें दिखता है?” मित्रानं ते ऐकलं. “नहीं साब,” तो म्हणाला. “मछली को भी मैं नहीं दिखता. बराबर का मामला है.”

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. एका सपाट खडकावर तो उभा राहिला, मी पट्टा धरला. सकाळपासून त्यानं तेच केलं: आडवी फेक, बुडू देणं, वळसा, पुन्हा फेक. पाय सुजलेले होते. दर अर्ध्या तासानं मी त्याला खाली बसवायचो. दुपारी कधीतरी माशी तळाच्या दगडात अडकली आणि तुटली. त्यानं दोर गुंडाळून घेतला, टोक बोटांत धरलं.

“सरळ हाय. दगडानं तोडली. तुझी गाठ पक्की व्हती.”

ती गाठ मी सकाळी लॉजच्या खोलीत, पाण्याच्या पेल्यात बुडवून बांधली होती.

मी त्याला खडकावर बसवलं. तोल राहावा म्हणून त्यानं एका हातानं माझा गुडघा धरला. नायलॉनचं टोक ओठांत धरून दुसऱ्या हातानं डबी चाचपली, नारिंगी रेशमाची एक माशी निवडली आणि दोन्ही माझ्याकडं केलं. टोक त्याच्या थुंकीनं ओलं होतं. मी ते पँटला पुसलं.

हे मी ठरवून केलं असं नाही. हात गेला. मग ओवलं, पाच पीळ दिले, टोक फटीतून काढलं. आता गाठ तोंडात धरायची होती. पेला खोलीवर राहिला होता. पाणी दोन पावलं खाली होतं, शेवाळलेल्या दगडांवर, आणि त्याचा हात माझ्या गुडघ्यावर. मी गाठीकडं पाहिलं, आणि ती नुसतीच ओढली. बसल्यासारखी दिसली.

“झाली?”

“झाली.”

चार-पाच फेकींनंतर पट्ट्यातून माझ्या हाताला त्याची पाठ ताठ झाल्याचं कळलं. “आला,” तो म्हणाला, अगदी हळू. रॉड वाकला, त्यावरचं रीळ करकरलं. मासा एकदा पाण्याबाहेर आला आणि मी ओरडलो, “पिवळा आहे! ठिपके आहेत! हाताएवढा!”

“ठिपके लाल का काळे?”

“दोन्ही!”

तो हसला. पुष्कळ दिवसांनी त्याला तसं हसताना ऐकलं. मासा प्रवाहात खाली गेला, ह्यानं जाऊ दिला, पुन्हा वळवला. “वढायची घाई नाय,” तो मला सांगत होता, जणू रॉड माझ्या हातात होता. मग रॉड सरळ झाला.

त्यानं सगळा दोर गुंडाळून घेतला आणि टोक शोधलं. मला ते त्याच्याआधी दिसलं. त्याची बोटं त्या वळणावर थांबली. एकदा मागं गेली, पुन्हा पुढं आली.

“थुंकी लावली व्हती का?”

“लावली होती.”

त्यानं टोक सोडून दिलं. “मंग नायलॉन जुनं आसंल,” तो म्हणाला.

नायलॉन त्यानं ह्या प्रवासासाठी नवं घेतलं होतं. रिळाचं पाकीट गाडीत मीच फोडलं होतं. अजून तासभर ऊन होतं, डबीत दहा-बारा माश्या होत्या. त्यानं एकही मागितली नाही. रॉडचे तुकडे सुटे केले, पुसले आणि पिशवीत घातले.

परत आल्यावर पुढच्याच आठवड्यात डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड मी त्याच्याबरोबर जायचो. चार तास हातात सुया. बोलण्याशिवाय काही करता येत नाही, म्हणून तो बोलायचा, आणि ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा: तंत्रज्ञाला, नर्सबाईंना, शेजारच्या खाटेवरच्या वैजापूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याला. मासे धरणाऱ्यांच्या गोष्टीत मासा वाढत जातो. ह्याच्या गोष्टीत मासा होता तेवढाच राहिला. नायलॉन मात्र दर खेपेला जुनं होत गेलं. आधी दोन वर्षांचं, मग पाच वर्षांचं, मग नोकरीतलं.

“काय साहेब,” व्यापारी म्हणाला, “येवढ्या लांब गेले अन् जुना दोरा नेला? आम्ही गोणी शिवायला बी नवी सुतळी घेतो.”

“चुकलं खरं. संगं प्राध्यापक व्हता, त्याला काय दोऱ्यातलं कळतंय?” मग माझ्या दिशेनं मान वळवून, “व्हय ना रे?”

“व्हय,” मी म्हणायचो.

एक दिवस गेलो तर व्यापाऱ्याच्या खाटेवर नवी चादर होती. कुणी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मित्राला खाट दिसत नव्हती, पण शेजारून खोकला येत नाही हे त्याला कळलं असावं. त्या दिवशी तो गोष्ट सांगेना. मीच बोललो.

“ऐक. त्या दिवशी मी गाठ—”

“म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“पँटीला पुसलं तू. माझा हात तुझ्या गुडघ्यावर व्हता.”

मशीन चालू होतं. नळीतून रक्त जात होतं आणि परत येत होतं.

“मग इतके दिवस जुना दोरा, जुना दोरा कशाला सांगत होतास?”

“मंग काय सांगू लोकांना?” आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तुझं ते एका ताटाचं भाषण मी पैल्या रांगेत बसून ऐकलंय. सुट्टीवर आलो व्हतो तवा. ताटं दोन व्हती, हे मला म्हाईत नव्हतं व्हय? तवा बी मी काय बोललो नाय. टाळ्या वाजवल्या.”

माफी मागण्यासारखी वाक्यं मला येतात; आयुष्यभर तशीच वाक्यं करत आलो. त्यातलं एकही त्या खाटेपाशी चालण्यासारखं नव्हतं.

“जीव सुकला,” तो म्हणाला. त्याला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असे, घोटाघोटानं. “आता गाठ बांधायची म्हणलं तर थुंकी बी उसनी आणावी लागंल.” आणि स्वतःच हसला.

नर्सबाईंनी चमच्यात बर्फाचा एक खडा आणून दिला. मी तो त्याच्या तोंडात घातला. थोडा चोखून त्यानं जिभेनं खडा परत चमच्यात ढकलला. “ठिव. नंतर घेतो.”

तेवढ्यात शेजारच्या खाटेवर नवा पेशंट आला, घाबरलेला, पहिलीच वेळ. सुया टोचताना तो कण्हला. मित्रानं त्याच्याकडं मान वळवली.

“काका, मासे धरता का कधी? नाय? मी सांगतो. लई मोठा मासा लागला व्हता मला, हिमाचलात. अंगावर लाल अन् काळे ठिपके. पण दोरा जुना निघाला. माझ्या बापाच्या येळचा.” मग थोडं थांबून, “व्हय ना रे?”

“व्हय,” मी म्हणालो. चमच्यातल्या खड्याचं पाणी होत आलं होतं. त्यातलं काही सांडू नये म्हणून मी चमचा दोन्ही हातांनी धरून बसलो.