खुरासणीचे तेल आणि उघडा पत्रा

लढाईच्या दिवसांत मुरबाड–कल्याण रस्त्यावर माझी एक सर्व्हिस मोटार चालत असे. अठरा उतारू, आणि मागे पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसची टाकी. टाकीच्या धगीने मागल्या अंगाच्या रंगाला पोपडे आले आणि खाली गंज शिरला. श्रावणात तपासणीच्या साहेबांनी बजावले, पंधरा दिवसांत पत्रा साफ करून रंगवून आणा, नाहीतर परवाना जाईल. घर त्या एका मोटारीवर चालत होते.

कल्याणला रंगाचा एकच डबा मिळाला. दुकानदार म्हणाला, दुसरा लढाई संपल्यावर.

शहापूरहून लोहार बोलावला, मूळचा शेणव्याचा. कशाने खरवडायचे हे अंदाजाने ठरवणे मला पटेना. मागच्या दारावर खडूने फूटभराचे चार चौकोन आखले आणि घड्याळ घेऊन बसलो. छन्नीने अकरा मिनिटांत रंग निघाला, पण तीन पोचे पडले. तारेच्या ब्रशाने गंज सुटे, रंग सुटेना. काचकागदाला चाळीस मिनिटे लागली आणि दोन कागद रंगाने भरून वाया गेले. चौथ्या चौकोनावर चुना आणि धुण्याच्या सोड्याचा लेप दोन तास ठेवला, मग करवतीच्या जुन्या पात्याची बोथट पत्री फिरवली. रंग सालीसारखा उतरला.

लोहार हसत होता. "मालक, चार स्थळं बघून पत्र्याचं लगीन जमवताय काय?"

रंगाला लेप आणि पत्री, गंजाला ब्रश, शेवटी काचकागद, असे ठरले. सहा दिवसांत मोटारीचा सगळा पत्रा चांदीसारखा झाला.

हवा ओली होती, रंग वाळला नसता. उघडे लोखंड रातोरात लाल होणार. आमच्याकडे पावसाळ्यात नांगराचा फाळ आणि कोयते खुरासणीचे तेल लावून ठेवतात. मी तेच केले. लोहारही म्हणाला, "बराबर हाय. उघडं लोखांड तेलाबिगर ठेवायचं नाय."

दोन दिवसांनी उघडीप पडली. फडक्याने पत्रा पुसून रंग लावला, तर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब झाले. जिथे बसला तिथे वाळल्यावर नखाने निघाला. डब्याचा तिसरा हिस्सा संपला होता आणि हातात चार दिवस होते.

"फाळाला कोण रंग देतं, मालक?" लोहार खाली बघत म्हणाला. "आपन दोगंबी चुकलो."

बायको ओटीवरून ऐकत होती. "अहो, तेलकट पातेलं मी कशानं घासते? तुसाच्या राखेनं आणि सोड्याच्या कढत पाण्यानं. तुम्ही घड्याळ धरा, मी राख आणते."

आम्ही तिघांनी दोन दिवस घासले. प्रत्येक फुटावर मी पाणी ओतून पाहत होतो. थेंब थांबला तर तेल आहे, पाणी सपाट पसरले तर साफ. नऊ ठिकाणी पुन्हा घासावे लागले. मग शेगडीने पत्रा सुकवून लगेच रंग दिला. मागल्या अंगाला दोन हात पुरले, पुढल्या अंगाला एकच.

मुदतीत मोटार ठाण्याला तपासणीला नेली, तिथे साहेबांनी मागच्या दारावर जोराने नख ओढले. रंग हलला नाही. मग पुढे येऊन म्हणाले, "इथे पातळ का?"

मी झाले ते सांगितले. साहेबांनी दाराकडे पुन्हा एकदा पाहिले आणि परवान्याच्या कागदावर सही केली.

परत आलो तेव्हा बायको अंगणात कोयत्यांना तेल लावत होती. मी उद्याच्या फेरीसाठी मोटार कल्याणच्या दिशेने तोंड करून उभी केली, तेवढ्यावरून तिला कळले.